सवतीने दाखवलेला पक्षी

आधीच सांगते, या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचले ते दुपारच्या डब्याबरोबर, आणि तेही हसायला. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या मावसभावाकडे लिफ्ट मागणारा म्हातारा मधेच गायब होतो... मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हे वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघी खिदळायचो. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आलेला माल मोजायचा, तपासायचा, मगच सही करायची. बाहेरचं, लागिरं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं ते कुठेतरी लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा प्रपंच.

मी दुसरी बायको. म्हणजे रीतसर, लग्न करून आलेली. संदीप, माझा नवरा, एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये आहे. त्याची पहिली बायको मंजिरी कॅन्सरने गेली. त्यानंतर दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. माझंही वय चाळिशीला टेकलेलं, त्यामुळे दोन्ही घरांनी फार चिकित्सा केली नाही. संदीप स्वभावाने चांगला, निर्व्यसनी, कमी बोलणारा. मंजिरीबद्दल तर तो अजिबातच बोलायचा नाही. आजारपण, हॉस्पिटल, शेवटचे महिने... यातला एक शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता. हॉलमध्ये तिचा फोटो आहे, खांद्यावरून पुढे घेतलेली लांब वेणी, हसरा चेहरा. रोज सकाळी मीच त्यावरची धूळ पुसते.

आता एक गोष्ट सांगते, ती शहरातल्या पुष्कळांना माहीत नसेल. आमच्या सासरी दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा ठसा उमटवलेला. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तो काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. मी शिकलेली, कमावती, पण मांडवात तमाशा नको म्हणून गप्प बसले. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, हळदीकुंकू वाहायचं, मग मी नेसायची. म्हणजे माझ्या दिवाळीच्या साड्यासुद्धा आधी तिच्या, मग माझ्या. सासूबाई सिन्नरजवळच्या गावी असतात, पण फोनवर आठवणीने विचारायच्या. “गळ्यात असली का गुमान राहती ती,” म्हणायच्या. “काढू नको.”

तेही सोसलं असतं मी. पण त्या बाईला पक्ष्यांचं वेड होतं! नाशिकचा एक छोटासा ग्रुप आहे, हिवाळ्यातले सगळे शनिवार-रविवार नांदूरमधमेश्वर नाहीतर कुठल्यातरी तळ्याच्या काठावर. संदीपला हा नाद तिनेच लावलेला. लग्नानंतर तो एकटा जायचा आणि संध्याकाळी असा काही उजळून परत यायचा, की माझ्या पोटात दुखायचं. माझ्याबरोबर सिनेमाला जाऊन आल्यावर असा चेहरा कधी झाला नव्हता. शेवटी मी ठरवलं, आपणही जायचं. पक्ष्यांसाठी नव्हे, एवढं प्रामाणिकपणे सांगते.

ग्रुपमध्ये खैरनार सर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत, ते म्होरके. आणि भावसार नवरा-बायको. माणसं लाख चांगली. पण मंजिरीला ते ‘वहिनी’ म्हणायचे आणि मला म्हणतात ‘नव्या वहिनी’. फ्रीज नवा, गाडी नवी, तशी मी नवी! बसलं की गोष्टी तिच्याच. वहिनींचे कान काय तिखट, वहिनींनी झाडीतला पिंगळा कसा अचूक हेरला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. मग स्वतःचीच लाज वाटायची, पण म्हणणं थांबायचं नाही.

त्यात मी पडले अगदी कच्ची. बगळा म्हणून मी एकदा सगळ्यांना थांबवून जे दाखवलं, ती बाभळीला अडकलेली कॅरीबॅग निघाली. दुसरं म्हणजे पक्षी दिसला की मी हात लांब करून ओरडायचे, “तो बघा!” आणि पक्षी भुर्र. ग्रुपची पद्धत अशी, की कोपर अंगाला चिकटवून ठेवायचं आणि फक्त पंजा त्या दिशेला करायचा, म्हणजे पक्षी बुजत नाही. संदीपने मला हे शंभरदा सांगितलं असेल, ऐन वेळी माझा हात लांब जायचाच. आणखी एक नियम होता. एकट्याने पाहिलेला पक्षी धरायचा नाही, दोघांनी पाहिला तरच तो दिसला म्हणायचं. नवशिक्यांच्या थापा रोखायला खैरनार सरांनी तो घातला होता आणि तो माझ्यासारखीलाच जास्त लागू पडायचा.

जानेवारीत खैरनार सरांनी दोन दिवसांची ट्रिप काढली. शनिवारी जव्हारच्या पुढे एका खेड्यात मुक्काम, तिथली शेतं-जंगल बघायचं, आणि रविवारी पहाटे निघून डहाणूकडच्या किनाऱ्यावर. समुद्र कशासाठी, तर ऑयस्टरकॅचरसाठी. काळापांढरा पक्षी, केशरी-लाल लांब चोच, खडकांवरच्या शिंपल्या-कालवं फोडून खातो. हिवाळ्यात येतो, पण आपल्याला दिसेल याची खात्री नाही. मी सहज विचारलं, याचंच एवढं का? तर भावसार वहिनी म्हणाल्या, मंजिरीचा राहिलेला पक्षी ना तो! दर हिवाळ्यात जायची बिचारी, एकदाही दिसला नाही.

झालं! त्या क्षणी मी ठरवलं, हा पक्षी मी बघणार. तिने न पाहिलेला, तिचा हात न लागलेला, फक्त माझा असा एक पक्षी. संदीपला मी तो दाखवणार आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काय उजळायचं ते एकदा तरी माझ्यामुळे उजळणार. वाचणाऱ्याला हे पोरकट वाटेल. पण चार वर्षं दुसऱ्या बाईचा फोटो पुसून बघा, मग बोला.

निघायच्या सकाळी संदीपने कपाटातून एक दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. आतापर्यंत मी त्याचीच मागून घ्यायचे. “ही वापर,” म्हणाला, “हलकी आहे.” कुणाची ते सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती, पट्ट्याला लोकरीची गुंडी होती, ग्रुपच्या जुन्या फोटोंत मंजिरीच्या गळ्यात दिसते तीच. मी ती गळ्यात अडकवली तर पट्टा टाकाच्या दोऱ्यात गुंतला. टाक सोडवता सोडवता मला एकदम संताप आला. गळ्यात तीच, हातात तीच, समुद्रावर जायचं तेही तिच्याचसाठी! मी दोरा डोक्यावरून काढला आणि टाक देव्हाऱ्यात ठेवून दिला. दोन दिवस आम्ही दोघंच जाऊ, असं मनात म्हटलं. संदीप गाडीत बॅगा ठेवत होता, त्याला कळलं नाही.

दोन गाड्या होत्या. पुढे खैरनार सर आणि भावसार, मागे आम्ही. त्र्यंबक सोडून मोखाड्याच्या वळणांना लागलो तसं मला छान वाटायला लागलं, गळा मोकळा, थंड वारा, संदीप शीळ घालत होता. एकदाच काय ते झालं. मी बोलत असताना त्याने मागच्या सीटकडे मान वळवली आणि म्हणाला, “काय?” मी म्हटलं, मी इकडे आहे. तो हसला. मागे बॅगाच होत्या. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

जव्हारच्या पुढच्या त्या खेड्यात भाताची शेतं कापून झालेली, नुसती खुंटं उभी. तारांवर नीलपंख बसलेले, बाभळीवर खाटीक नावाचा पक्षी. मला मात्र काही धड दिसेना. दुर्बिणीच्या उजव्या नळीवर एक बारीक रिंग असते, चष्म्याच्या नंबरासारखी. ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे ती फिरवून ठेवायची. माझे दोन्ही डोळे सारखे, त्यामुळे मी ती मधोमध आणली आणि नीलपंख स्वच्छ दिसला. पण पुढच्या वेळी दुर्बीण डोळ्याला लावली तर पुन्हा धूसर, रिंग एका टोकाला. मी परत मधोमध आणली, ती परत टोकाला. संदीपला दाखवलं तर तो रिंगकडे बघतच राहिला. मंजिरीचा उजवा डोळा कमजोर होता, ती तिथेच ठेवायची, एवढं बोलला आणि पुढे चालायला लागला. मी म्हटलं, रिंग सैल झालीय, दुसरं काय! सैल रिंगा मी कारखान्यात रोज बघते. पण खरं सांगू? तिच्याबद्दल त्याने स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुपारी जेवण त्या घरच्या बाईंनी केलं होतं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. आम्ही पाचही जण ओटीवर पंगतीला बसलो. वाढता वाढता बाई थांबल्या, आम्हाला एकदा न्याहाळलं आणि मला विचारलं, “डोक्याला फडकं बांधलेली ताई नाय आली जेवाया?” भावसार वहिनी गाडीत धुळीसाठी स्कार्फ बांधतात, म्हणून मी त्यांच्याकडे बोट केलं, या काय बसल्यात. बाई म्हणाल्या, ह्या नाय. तुमच्यासंगं उतरली ती, बारीकशी. मग अंगणात एकदा नजर टाकली आणि भाकरी आणायला आत गेल्या. भावसार वहिनी हसल्या, चला, कुणाला तरी मी बारीक वाटले म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसले. संदीप हात धुवायला उठला होता, त्याने हे ऐकलं नाही.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही किनाऱ्यावर पोचलो. खैरनार सरांनी ओहोटीची वेळ मोबाइलवर बघून ठेवली होती. पाणी पार मागे गेलेलं, काळे खडक उघडे पडलेले, मागे सुरूची झाडं. कुरव होते, तुतवार होते, चिखल्यांचे थवेच्या थवे होते. ऑयस्टरकॅचर काही नव्हता. बराच वेळ झाल्यावर खैरनार सर दुर्बीण खाली करून म्हणाले, वहिनी असत्या तर त्यांनी शोधला असता. संदीप म्हणाला, “हं.”

नुसता ‘हं’. पण असा काही म्हणाला की माझा तिळपापड झाला. मी एक शब्द न बोलता खडकांच्या बाजूला चालू लागले. एकटी, तरातरा. चपला हातात, पायाला कालवांच्या कडा लागतायत, तरी चालतेय. मला वाटत होतं, कुणीतरी हाक मारेल. कुणी मारली नाही. बरंच पुढे जाऊन एका खडकाशी थांबले आणि संदीपला आपली आठवण तरी झालीय का, हे बघायला मागे वळून दुर्बीण लावली.

संदीप सुरूंच्या कडेला उभा होता आणि त्याच्याजवळ एक बाई होती.

बारीक बाई, लांब सैल कुडता, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. रंग आकाशी, कडेला जांभळी पट्टी, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की पट्टीची वीणसुद्धा मी सांगू शकले असते. ती त्याच्या खांद्याला अगदी लागून उभी होती. संदीप समुद्राकडे बघत होता, थोडा तिच्या बाजूला कललेला, पक्षी दाखवताना कलतो तसा. माझ्या बाजूला तो कधी असा कललेला मला आठवत नाही. भीतीबिती काही वाटली नाही मला, संतापच आला. ही कोण बया? मी चार पावलं बाजूला गेले तर लगेच जागा भरली? भावसार वहिनी असतील म्हणावं तर त्या चांगल्या जाडजूड, आणि पार दुसऱ्या टोकाला वाळूत थर्मास उघडून बसलेल्या, मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या.

मी दुर्बीण खाली केली. संदीप एकटा होता. मोकळा किनारा, लपायला जागा नाही. परत दुर्बीण लावली तर बाई होती. असं मी कितीदा केलं कुणास ठाऊक. मग माझं बोट रिंगला लागलं. ती टोकाला होती, तिच्या डोळ्याच्या खुणेवर. त्या खुणेवर मला सगळं धूसरच दिसायला हवं होतं! कालपासून दिसतच होतं धूसर. आणि आता समोरच्या बाईच्या फडक्याचे धागे दिसत होते.

मी रिंगवरचं बोट झटकन काढून घेतलं.

आणि तेव्हाच तिने माझ्याकडे तोंड वळवलं. चेहरा ओढलेला होता, गालफडं वर आलेली, पण रोज पुसते तो चेहरा मी ओळखणार नाही? तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, हसूही नव्हतं. कोपर तसंच अंगाशी ठेवून तिने फक्त पंजा वळवला, माझ्या डाव्या बाजूला, खाली.

मी बघितलं. दोन खडक सोडून, पाण्याच्या रेषेवर तो उभा होता. काळं डोकं, पांढरं पोट, गुलाबी पाय आणि ती लांब केशरी चोच. शिंपलीच्या फटीत चोच घालून तो ती उचकटत होता. मला दुर्बीण लागलीच नाही, इतका जवळ. मी श्वास धरून उभी होते. हात लांब केला नाही, ओरडले नाही, आयुष्यात पहिल्यांदा मी नीट पक्षी पाहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग एक लाट आली, तो बारीक शीळ घालत उडाला आणि पाण्यावरून लांब निघून गेला. मी वळून दुर्बीण लावली तर किनाऱ्यावर दोन धूसर ठिपके होते, संदीप आणि खैरनार सर, माझ्या दिशेने चालत येणारे.

निघण्याआधी टपरीवर चहा घेताना खैरनार सर नेहमीप्रमाणे दिवसभराचे पक्षी म्हणून दाखवायला लागले. ते संपल्यावर मी म्हटलं, ऑयस्टरकॅचर. सरांनी मऊ आवाजात विचारलं, आणखी कुणी पाहिला? लांबून टिटवीसुद्धा तशी भासते, नव्या वहिनी. मी चोच सांगितली, पाय सांगितले, शीळ सांगितली. त्यांनी मान डोलावली, पण नियम तो नियम. भावसार वहिनी म्हणाल्या, मंजिरीने जन्मभर शोधला हो, असा कसा लगेच... आणि जीभ चावली. मी संदीपकडे बघितलं. त्याने नुसतं म्हणायचं होतं, ती म्हणतेय तर असेल. तो चहाच्या कपात बघत बसला.

मला माझा पक्षी मिळाला होता आणि तो कुणी मानायला तयार नव्हतं. त्याची साक्ष देणारं एकच माणूस, ती माझी सवत. ती तरी काय म्हणून माझ्या बाजूने उभी राहणार होती? आणि तो पक्षी तरी माझा कुठे होता? तिने बघितला, तिने दाखवला. तेवढी एक गोष्टसुद्धा तिने माझ्यासाठी ठेवली नाही!

परतीच्या वाटेवर विक्रमगड गेलं, जव्हार गेलं, मी तोंड उघडलं नाही. संदीपने दोनदा विचारलं, काय झालं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा बांध फुटला. त्याला दुखवायचंच होतं मला. “आणखी कुणी पाहिला ते सांगू?” म्हटलं. “तुझ्या खांद्याला लागून उभी होती. तिनेच दाखवला मला.” आणि सगळं सांगितलं. टाक काढला ते, जेवण वाढणारी बाई काय म्हणाली ते, रिंग, बाई, तिचा चेहरा, पंजा. एक फडक्याचंच तेवढं सांगायचं राहिलं. मुद्दाम नव्हे, रागाच्या भरात राहिलं.

मला वाटलं तो हसेल, नाहीतर चिडेल. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. खाली दरीत कुणीतरी गुरं हाकत होतं, त्याचा आवाज येत होता.

“म्हणजे दोघींनी पाहिला,” तो म्हणाला. मग समोरच्या काचेतून बाहेर बघत विचारलं, “बरी दिसत होती?”

मी म्हटलं, हो, बरी होती.

“केस होते तिला?”

मी चार वर्षं त्या माणसाबरोबर राहतेय. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, शाळेतलं पोर निकाल विचारतं तसा. ते आकाशी फडकं कशासाठी होतं, ते मला त्या क्षणी कळलं. एका क्षणात माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. खरं सांगितलं असतं तर त्याला लागलं असतं, आणि मला त्याला लागायलाच हवं होतं ना...

“होते,” मी म्हटलं. “लांब वेणी होती. फोटोत आहे तशी.”

त्याने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार? मग नाशिकरोड येईपर्यंत तो बोलत होता. वेणी जाताना ती कशी आरशासमोर बसून राहिली, नंतर तिने त्यालासुद्धा डोकं उघडं बघू दिलं नाही, शेवटच्या हिवाळ्यात समुद्रावर जायचं म्हणाली आणि जमलं नाही. आमच्या लग्नाच्या चार वर्षांत मिळून तो माझ्याशी एवढा बोलला नसेल. मी ऐकत होते, हुं हुं म्हणत होते आणि आतून जळत होते. असं मागे राहिलेलं कुणी माझ्यासाठी रडेल का, हा एकच विचार डोक्यात.

घरी आल्यावर टाक देव्हाऱ्यात होता तसाच होता. मी तो गळ्यात घातला. दुर्बिणीची रिंग तेव्हापासून जिथे ठेवावी तिथे राहते. मी ती कारखान्यात नेऊन तपासली, सैल नाही. पुढच्या आठवड्यात सासूबाई आल्या तेव्हा किनाऱ्याचं काही न सांगता मी आडवळणाने विचारलं, की आजारपणात मंजिरी डोक्याला काय बांधायची. “इकत आणलेला रुमाल टोचायचा तिला,” त्या म्हणाल्या. “मंग मीच माझं जुनं लुगडं फाडून दिलं व्हतं. मऊ. आकाशी, जांभळ्या काठाचं. तेच डोक्याला ठिवून न्हेली तिला.”

आता तुमच्यातले माझ्यासारखे लोक म्हणतील, कॅन्सर माहीत होता, म्हणून तुझ्या डोक्यानेच फडकं रचलं. बरं, रचलं. मग जांभळा काठ? आणि जव्हारच्या त्या बाईंना माझ्या डोक्यातलं कसं दिसलं? मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, कुठेच सही करता येत नाही. कुणाला काही सुचलं तर खाली लिहा. फक्त ‘शांत करून घ्या’ वगैरे लिहू नका, ती शांतच होती.

संदीप आता बदललाय. नीट झोपतो, घरात बोलतो, हसतो. मधेच कधीतरी मला विचारतो, वेणी कुठल्या खांद्यावर होती, कुडता कुठला होता, अजून काही आठवतंय का. मी सांगते, थोडं खरं, थोडं त्याला हवं तसं. सगळं विचारून झालं त्याचं. तिथे त्या खडकावर तू एकटी होतीस, घाबरली होतीस का, हे मात्र त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही.

घाबरले होते. खूप.